वाऱ्याच्या झोतात विमान सावरणारे डॉ. घाटगे

एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर विमानाने कोल्हापूरला आलेल्यांना हा अनुभव नवा नसेल. सह्याद्रीच्या अंगाने वळवाचे ढग चढू लागलेले असतात, खाली जमीन तापलेली असते आणि उजळाईवाडीची धावपट्टी दिसायच्या आधीच विमान खड्ड्यातून गेल्यासारखे दणके खाऊ लागते. कुणी खुर्चीचा हात घट्ट धरतो, कुणी डोळे मिटतो. शेजारचा जाणकार प्रवासी सांगतो, घाबरू नका, ऑटोपायलट आहे.

ऑटोपायलट असतो हे खरे. उतरण्याचा शेवटचा टप्पा सोडला तर प्रवासी विमान बहुतेक वेळ त्याच्याच ताब्यात असते. पण वाऱ्याचा झोत आला की सगळ्यात आधी धावून येतो तो संगणक नव्हे. पंख किती मोठा, शेपूट किती मागे, वजन कुठे, यावर विमानाचा पहिला प्रतिसाद ठरतो आणि तो कागदावर आराखडा काढला जातो तेव्हाच ठरून गेलेला असतो. भारतात आखलेल्या आणि उत्पादनात गेलेल्या पहिल्या विमानासाठी हे ज्यांनी ठरवले ते आपल्याच जिल्ह्यातले होते. गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे. बंगळुरूच्या विमान कारखान्यात त्यांच्या नावाचे सभागृह आहे, एरोनॉटिकल सोसायटी त्यांच्या नावाने पुरस्कार देते. कोल्हापुरात मात्र दहा जणांना विचारले तर एखाद्याला नाव ठाऊक असेल. म्हणून आज त्यांची गोष्ट.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. योगायोग असा की त्याच वर्षी फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याचे विमानाच्या स्थैर्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सरळ चाललेल्या विमानाला धक्का बसला की ते एका संथ लाटेत वर-खाली होऊ लागते, हे त्याने गणिताने दाखवले आणि त्या लाटेला फुगॉइड असे नाव दिले. वर जाताना वेग कमी होतो, खाली येताना वाढतो, असे ते चालते. ताशी १८० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाची अशी एक लाट बावीस-तेवीस सेकंदांची असते. याखेरीज एक छोटा, झटक्याचा हेलकावाही असतो, जेमतेम एक-दोन सेकंदांचा, ज्यात विमानाचे नाक डोलते. मोठी लाट वैमानिक सहज मोडू शकतो. छोटा हेलकावा माणसाच्या हाताला आवरत नाही, तो विमानाने स्वतःच जिरवावा लागतो. झोताच्या वाऱ्यातले सगळे दुखणे या दोन हेलकाव्यांत आहे. अमेरिकेत पुढे जिचे रूपांतर नासात झाले त्या संस्थेचा १९१५ मधला पहिला तांत्रिक अहवालसुद्धा झोतात विमान कसे वागते यावरच होता.

हसूरचंपू ते जर्मनी हा प्रवास त्या काळात साधा नव्हता. मुंबई विद्यापीठातून विज्ञानाचे उच्च शिक्षण घेऊन घाटगे ग्योटिंगेनला गेले. हिटलर सत्तेवर येऊन मॅक्स बोर्न, रिचर्ड कुराँ, एमी नोएदर अशी मोठी माणसे तिथल्या विद्यापीठातून घालवली गेली ती याच वर्षांत. पण हवेच्या प्रवाहाचे शास्त्र शिकायचे तर जगात त्याहून मोठे ठिकाण नव्हते, कारण तिथे लुडविग प्रांटल होते. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर आणि पंखाच्या टोकांवरून वळून येणारे भोवरे, या दोन गोष्टींचे गणित प्रांटल यांनी मांडले. आजही विमानशास्त्राचा विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतो. घाटगे यांनी १९३६ मध्ये त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली.

प्रांटल यांच्या या गणिताचा झोताशी थेट संबंध आहे. पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून विमान वर राहते. पण ही खाली ढकललेली हवा मागे जाऊन शेपटावरून वाहते. म्हणजे शेपटाला समोरून येणारा वारा सरळ मिळत नाही, पंखाने वाकवलेला मिळतो. हा वाक किती, हे ज्याला मोजता येत नाही त्याने शेपूट कितीही देखणे काढले तरी ते ऐन वेळी कमी पडते किंवा जास्त होते. विमानाचे आडवे शेपूट काम करते ते वातकुक्कुटाच्या शेपटासारखेच. खालून झोत आला आणि नाक वर उचलू लागले की मागच्या शेपटावरही वरच्या दिशेने जास्त जोर येतो, शेपूट उचलले जाते आणि नाक परत खाली येते. वैमानिकाने बोटही हलवायच्या आत हे घडते. जगातला पहिला ऑटोपायलट म्हणायचा तर तो हा, बिनतारेचा आणि बिनविजेचा.

दुसरा, लोखंडी ऑटोपायलटही तोवर अवतरला होता. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सेन नदीवर लॉरेन्स स्पेरी या एकवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने परीक्षकांसमोरून आपले विमान नेले, दोन्ही हात वर करून. त्याचा मदतनीस त्याच वेळी पंखावर चालत गेला, तरी विमान कलले नाही. आत फिरणाऱ्या भिंगऱ्या, म्हणजे जायरोस्कोप, आपली दिशा सोडत नव्हत्या आणि विमान त्यांच्यापासून ढळले की त्यांना जोडलेली यंत्रणा पट्ट्या हलवून ते जागेवर आणत होती. भोवरा फिरत असेतोवर पडत नाही, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही जाणते. स्पेरीने तो भोवरा विमानात बसवला.

घाटगे मायदेशी परतले तेव्हा इथे विमाने उडत होती, पण बांधली जात नव्हती. १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांनी कोल्हापूरला विमानतळ उभारला. संस्थानाला विमानतळ हवा हे तेव्हा सुचणे हीच मोठी गोष्ट. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४० मध्ये, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. अगदी सुरुवातीच्या काळात तिथे गेलेल्या भारतीय अभियंत्यांत घाटगे होते. महायुद्ध सुरू होते. कारखान्यात अमेरिकन विमानांची जोडणी आणि दुरुस्ती चाले. त्यातून वेळ काढून घाटगे यांनी दहा माणसे नेणाऱ्या लाकडी ग्लायडरचा आराखडा केला. इंजिन नसलेले विमान म्हणजे स्थैर्याची खरी परीक्षा, कारण चूक झाकायला जोरच हाताशी नसतो.

१९४२ च्या डिसेंबरमध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. त्या विभागात वाऱ्याचा बोगदा उभा राहिला. आपण विमान हवेतून नेतो. बोगद्यात विमानाची प्रतिकृती जागेवर ठेवून वारा तिच्यावरून नेतात आणि किती जोर कुठे येतो ते तराजूसारख्या साधनाने मोजतात. हा बोगदा वर्तुळासारखा बंद होता, तोच वारा फिरून परत येणारा. ती रचना ग्योटिंगेनची. घाटगे जन्मले त्याच सुमारास प्रांटल यांनी तिथे असा पहिला बोगदा बांधला होता. बंगळुरूत त्यावर शिकलेली मुले पुढे देशाच्या विमान कारखान्यात, प्रयोगशाळांत गेली. हा भाग चरित्रात दोन ओळींत आटोपतो, पण मला तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत दूरवर पोहोचलेला वाटतो.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलापुढे एक रोकडा प्रश्न होता. नव्या वैमानिकांना शिकवायचे कशावर? टायगर मॉथ ही दोन-पंखी कापडी विमाने जुनी झाली होती. ब्रिटिश प्रेंटिस विमाने परवान्यावर बंगळुरूत बांधली जात होती. तिसरा मार्ग म्हणजे स्वतःचे विमान आखायचे. १९४८ मध्ये ते काम घाटगे यांच्या हाती आले. विमानाचे नाव ठरले एचटी-२, हिंदुस्थान ट्रेनर.

शिकाऊ विमान म्हणजे सोपे विमान असे आपल्याला वाटते. आखणाऱ्याच्या दृष्टीने ते अवघडातले अवघड. समजा विमान सेकंदाला ५० मीटर वेगाने, म्हणजे ताशी १८० किलोमीटरने चालले आहे आणि खालून सेकंदाला ५ मीटर वेगाचा झोत आला. वळवाच्या दिवसांत असा झोत काही विशेष नाही. पंखाला आता वारा समोरून नाही, जवळजवळ सहा अंश खालून लागतो. एरवी पंख वाऱ्याशी दोन-चार अंशांचा कोन करून चालतो आणि साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेला की त्यावरचा प्रवाह तुटून विमान पडू लागते. म्हणजे एका झोताने जवळजवळ निम्मी शिल्लक खाऊन टाकली. ज्याच्या हातात दांडा आहे तो वीस वर्षांचा पोरगा, आठ-दहा तास उडालेला, पहिल्यांदाच एकटा आलेला. तो घाबरून दांडा ओढतो, नाक आणखी वर जाते आणि उरलेली शिल्लकही संपते.

त्यात हलके विमान झोतात जास्त उसळते. एचटी-२ चे वजन एक टनाच्या आसपास होते; पंखाच्या दर चौरस मीटरवर साठ-पासष्ट किलो भार. कोल्हापूरला येणाऱ्या एटीआर विमानात हाच भार पावणेचारशे किलोच्या घरात जातो. एकाच वेगाने जाणाऱ्या दोन विमानांवर एकच झोत आला, तर ज्याचा पंख कमी ओझे वाहतो ते पाचपट अधिक झटका खाते. रिकामी बैलगाडी भरल्या गाडीपेक्षा जास्त आदळते, तसेच.

मग शेपूट मोठे करून टाकावे म्हणजे झाले, असे कुणी म्हणेल. शेपूट मोठे केले की विमान हट्टी होते. ते आपोआप सरळ होते खरे, पण वैमानिकाने वळव म्हटले तरी सरळच राहू पाहते, आणि प्रत्येक लहान झोताला नाक झटक्याने मारते. शिवाय असे विमान विद्यार्थ्याच्या चुका झाकते. त्यावर शिकलेला मुलगा पुढे वेगवान लढाऊ विमानात बसला की ती चूक तिथे उघडी पडते. शेपूट लहान ठेवले तर उलट संकट: नाक एकदा उचलले की परत येत नाही. भर म्हणजे शिक्षक खाली उतरला की सत्तर-ऐंशी किलो वजन एकदम कमी होते आणि विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो. तो मागे सरकला तर शेपटाचा हात तोकडा पडतो. दोन माणसे असताना आणि एकच असताना, टाकी भरलेली आणि रिकामी, वारा शांत आणि झोताचा, या सगळ्या परिस्थितींत एकच शेपूट पुरायला हवे. आकडेमोड हाताने, स्लाइड रूलवर. एचटी-२ मध्ये ऑटोपायलट नव्हता. तिथे जो काही सावरणारा होता तो घाटगे यांच्या चमूच्या कागदांतूनच विमानात उतरायचा होता.

ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ पहिल्यांदा आकाशात नेले. दुसऱ्याच्या आकडेमोडीवर विसंबून, आधी कधीच न उडालेल्या यंत्रात बसणे याला काय लागते, ते चाचणी वैमानिकच जाणे. विमान सर्व धातूचे, एका पंखाचे, एकामागे एक दोन आसनांचे. पुढच्या वर्षी अधिक ताकदीच्या इंजिनाचा दुसरा नमुना उडाला, मग उत्पादन सुरू झाले. दीडशेहून अधिक एचटी-२ तयार झाली. काही घानालाही गेली. त्या नव्या देशाच्या हवाई दलाची पहिली विमाने बंगळुरूची होती. आपल्या हवाई दलात तीन दशकांहून अधिक काळ एकामागून एक तुकड्या त्यावर पहिले धडे गिरवत राहिल्या.

१९५६ मध्ये प्रसिद्ध जर्मन आराखडाकार कुर्ट टँक बंगळुरूला आले आणि मारुत या लढाऊ विमानाचे काम सुरू झाले. ते १९६१ मध्ये उडाले. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले ते रास्तच होते. त्याच काळात घाटगे यांच्या नेतृत्वाखाली दुसरा चमू किरण हे जेट प्रशिक्षण विमान आखत होता. ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी ते उडवले. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. लढाऊ विमानाला जे वलय मिळते ते शिकाऊ विमानाला कधीच मिळत नाही. गावात पैलवानाचे नाव होते, वस्तादाचे क्वचितच. पण मारुत निवृत्त झाल्यावरही किरण कित्येक वर्षे उडत होते आणि सूर्यकिरण पथकाच्या कवायती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी त्याच विमानाची सुधारित आवृत्ती पाहिली आहे. एकमेकांना खेटून नऊ विमाने न्यायची तर प्रत्येक विमान हाताला किती सरळ लागत असले पाहिजे, याचा अंदाज करून पाहावा.

आता त्या दणक्यांकडे परत येऊ. आजच्या प्रवासी विमानात घाटगे यांच्या काळचे शेपूटही आहे आणि स्पेरीच्या भोवऱ्याचा वारसदार संगणकही. झोताच्या वाऱ्यात संगणकाची अडचण बळाची नसते, घाईची असते. उंची पन्नास फुटांनी घटली म्हणून त्याने नाक वर केले. तोवर झोत उलटला आणि विमानाला वर नेऊ लागला. आता नाकही वर आणि झोतही वरच. मग तो नाक खाली करतो, तोवर झोत पुन्हा बदललेला. उशीर आणि जोर एकत्र आले की हेलकावा कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातो. तालमीतला नवखा गडी समोरच्याच्या प्रत्येक हुलीला हात घालतो आणि त्यातच पाठ टेकतो. मुरलेला पैलवान हूल ओळखतो, पाय रोवून राहतो आणि खरा डाव आला तरच हलतो. ऑटोपायलटलाही हेच शिकवावे लागले. नाक कुठे आहे एवढेच न पाहता ते किती वेगाने फिरते आहे ते पाहायचे आणि त्या फिरण्याला विरोध करायचा, म्हणजे छोटा हेलकावा जिरतो. क्षणभराचे झटके गाळून टाकायचे. वेग वाढला की पट्टी कमी हलवायची, कारण तेवढ्याच हालचालीला आता जास्त जोर येतो. आणि हवा फारच खवळली तर उंचीचा हट्ट सोडायचा: विमान थोडे वर-खाली होऊ द्यायचे, पण नाक आणि पंख सपाट ठेवायचे. बोइंग ७८७ सारखी काही विमाने तर झोताचा दाब जाणवताच पंखावरच्या पट्ट्या हलवून धक्का बोथट करतात.

हे आपल्या पोटाशीही निगडित आहे. पाच सेकंदांत एकदा वर-खाली, या गतीच्या आसपासचे हेलकावे माणसाला सर्वाधिक मळमळ आणतात असे प्रयोगांत दिसले आहे. त्याहून जलद दणके अंग दुखवतात, पण ओकारी आणत नाहीत. उंचीच्या मागे धावणारा ऑटोपायलट विमानाला नेमका असा संथ झोका देऊ शकतो. ज्यांना विमान लागते त्यांनी पंखाजवळची जागा घ्यावी, कारण विमान डोलते ते गुरुत्वमध्याभोवती आणि तिथे झोका सर्वांत लहान असतो. मोबाइलमध्ये डोके घालू नये, दूरच्या क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे डोळे आणि अंतर्कर्ण एकच गोष्ट सांगतात. आणि दिवा विझला तरी पट्टा सैलसा का होईना बांधलेलाच ठेवावा; मोठ्या झोतात इजा होते ती बहुधा पट्टा नसलेल्यांना.

घाटगे यांचे निधन ६ डिसेंबर १९९१ रोजी झाले. त्याच्या सुमारे वर्षभर आधी एचटी-२ हवाई दलातून निवृत्त झाले होते. पुढे ४ जानेवारी २००१ रोजी त्याच बंगळुरूतून तेजस उडाले. ते मुद्दामच अस्थिर ठेवलेले आहे. झटकन वळता यावे म्हणून त्याच्या आकारातले आपोआप सावरणे आखणाऱ्यांनी काढून घेतले आणि ते काम चार पदरी संगणकाकडे दिले. त्याला आडवे शेपूटच नाही. आपल्या शिवारात आता उसावर फवारणी करणारे चार-सहा पंख्यांचे ड्रोनही त्याच जातीचे. संगणक क्षणभर थांबला तर दोन्ही हवेत टिकत नाहीत. एचटी-२ चा दांडा मात्र गोंधळलेल्या विद्यार्थ्याने सरळ सोडून दिला, आणि खाली पुरेशी उंची असली, तर नाक दोन-चार वेळा वर-खाली डोलून आपली जागा शोधत असे. बंगळुरूला गेलात तर त्या कारखान्याच्या संग्रहालयात अवश्य डोकवा आणि एचटी-२ समोर दिसले की आधी मागे जाऊन त्याचे शेपूट पाहा.